मारबतीच्या गर्दीतला नंदी : एका स्टॉप-मोशन शॉटचं प्रकरण

तान्हा पोळा आणि मारबत, दोन्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. एकीकडे पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात, दुसरीकडे नागपूरच्या इतवारीतल्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणारे बाईचे मोठे पुतळे, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. शेवटी त्यांचं दहन होतं. चार मिनिटांच्या या स्टॉप-मोशन फिल्मची (बाहुल्या किंचित हलवून एकेक फोटो काढत केलेली फिल्म) गोष्ट त्या योगावरच बेतलेली आहे. एका मुलाच्या हातून दोरी सुटते आणि त्याचा चाकांचा नंदी मिरवणुकीत शिरतो. संवाद नाहीत. ताशांचा आवाज, गर्दीचा गलका आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी, एवढंच. फिल्म आणि तिचा चमू इथे नमुन्यादाखल घेतले आहेत. अडचणी मात्र नागपुरात घरच्या खोलीत स्टॉप-मोशन करायला बसलेल्या कुणाच्याही वाट्याला येतील अशाच आहेत.

चमू तिघांचा. एक जण बाहुल्या हलवणार, एक सेट आणि बाहुल्या बनवणार, एक कॅमेरा, लाईट आणि नंतरची जुळवाजुळव बघणार. सेकंदाला २४ फ्रेम, पण टूजवर. म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं आणि सेकंदाला १२ चित्रं पुरतात. चार मिनिटांची २,८८० चित्रं होतात. एका माणसाकडून दिवसाला चार-पाच सेकंद निघाले तर चांगलं काम झालं म्हणायचं, म्हणजे पन्नास ते साठ कामाचे दिवस. २५ ऐवजी २४ फ्रेम निवडल्या कारण फिल्म महोत्सवांना पाठवायची होती आणि थिएटरची डीसीपी, म्हणजे पडद्यावर दाखवायची डिजिटल फाइल, साधारण २४ वरच चालते. हा निर्णय पहिल्या चित्राआधी घ्यावा लागतो. नंतर बदलला की ताशाच्या ठोक्यावर बसवलेलं प्रत्येक पाऊल सरकतं.

शूटिंग एप्रिलमध्ये सुरू केलं. कारण साधं : कॉलेजला सुट्ट्या, खोली रिकामी. खोली दुसऱ्या मजल्यावरची, वर थेट स्लॅब. बाहुल्यांचे चेहरे तेलाच्या प्लॅस्टिसिनचे (न सुकणाऱ्या मातीचे), लाईटला ५०० वॅटचे दोन हॅलोजन, कोपऱ्यात कूलर. ही यादी वाचूनच जाणकाराला घाम फुटेल.

शॉट क्रमांक ११

गाडी अडली ती अकराव्या शॉटवर. पिवळी मारबत गल्लीच्या वळणावरून फ्रेममध्ये येते, गर्दी दुभंगते आणि मधून नंदी घरंगळत कॅमेऱ्याकडे येतो. लांबी १४ सेकंद, म्हणजे १६८ चित्रं. एका बैठकीत होणारं काम नाही. तीन रात्री लागणार हे आधीच धरलेलं होतं. पहिल्या दोन रात्रींचं काम सलग चालवून बघितलं तेव्हा चित्र अक्षरशः थरथरत होतं. उजेड फडफडतो, मधेच सगळी फ्रेम उडी मारते, चेहरे दर दोन-तीन सेकंदांनी वेगळेच दिसतात.

अशा वेळी पहिला विचार येतो तो डीफ्लिकरचा, म्हणजे फडफड घालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा : सॉफ्टवेअरमध्ये टाकू, होईल सरळ. या शॉटला ते चालत नाही. डीफ्लिकर साधारणपणे फ्रेमची एकूण उजळता मोजून शेजारच्या फ्रेमशी जुळवतं. इथे शॉटच्या मध्यावर पिवळ्या रंगाची मोठी मारबत फ्रेममध्ये येते, त्यामुळे एकूण उजळता वाढते आणि ती वाढायलाच हवी. सॉफ्टवेअरला हे कळत नाही. ते मारबत आली की मागच्या भिंती काळवंडून टाकतं. शिवाय फडफड हा एकच रोग नव्हता. तीन-चार वेगवेगळी कारणं एकाच वेळी काम करत होती आणि ती वेगळी काढल्याशिवाय औषध देणं म्हणजे अंधारात गोळीबार.

करड्या पट्टीची तपासणी

डीएसएलआर कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा ३:२ आकाराचा असतो, फिल्मची फ्रेम १६:९. म्हणजे प्रत्येक चित्रात वर आणि खाली एक पट्टी अशी उरते जी शेवटी कापूनच टाकायची असते. ती फुकट जागा आहे. चमूने खालच्या पट्टीत येईल अशा बेताने, सेटच्या टेबलालाच, मॅट करड्या कार्डाचा एक तुकडा पक्का बसवला आणि त्यावर बारीक पेनाने अधिकचं चिन्ह काढलं. तसंच दुसरं चिन्ह टेबलाशी संबंध नसलेल्या मागच्या भिंतीवर, वरच्या पट्टीत.

मग रिकाम्या सेटवर, काहीही न हलवता, दर मिनिटाला एक चित्र असं रात्रभर घेतलं. करड्या कार्डाची उजळता चित्रागणिक मोजून आलेख काढला. एक जुनं स्प्रेडशीट त्याला पुरतं. आलेखात तीन निराळे आकार दिसले.

पहिला आकार दातेरी. प्रत्येक चित्र मागच्यापेक्षा किंचित वर किंवा खाली, कसलाही क्रम नाही. हे काम ॲपर्चरचं, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाचं. डीएसएलआर कॅमेरा दर चित्राला लेन्सची पाती मिटवतो आणि पुन्हा उघडतो, आणि ती पाती प्रत्येक वेळी केसाच्या फरकाने वेगळ्या जागी थांबतात. एकट्या फोटोत हा फरक कुणाला दिसत नाही. सेकंदाला बारा चित्रं धावली की फडफड होते.

दुसरा आकार लांबच लांब लाट. संध्याकाळी खाली, मध्यरात्रीनंतर हळूहळू वर. हा व्होल्टेज. हॅलोजनच्या तारेचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. २३० चे २१० व्होल्ट झाले की व्होल्टेज नऊ टक्क्यांनीच पडलं, पण उजेड सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). वर रंगही पिवळसर होतो, तो वेगळाच ताप. उन्हाळ्यात अख्ख्या मोहल्ल्याचे कूलर आणि एसी एकदम चालतात तेव्हा वस्तीतल्या वायरिंगवर एवढा फरक अगदी सहज पडतो.

तिसरा आकार पायरी. एकदम खाली, काही वेळ तिथेच, मग एकदम वर. या पायऱ्या कूलरच्या पंपाशी आणि स्टॅबिलायझरशी जुळल्या. घरात असतो तो रिलेचा स्टॅबिलायझर ‘टिक’ करून टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलतो. पंख्या-फ्रिजला ते चालतं. स्टॉप-मोशनला मात्र संथ लाटेपेक्षा ही पायरी वाईट, कारण लाट डोळ्याला एकवेळ पचते, पायरी नाही.

चिन्हांचंही मोजमाप झालं. टेबलावरचं चिन्ह आणि भिंतीवरचं चिन्ह दोन्ही एकदम सरकली तर कॅमेरा हलला. फक्त टेबलावरचं सरकलं तर टेबल हललं. रात्री दहाला खोलीत ३८ अंश, पहाटे चारला ३०. ॲल्युमिनियमचा एक मीटरचा पाय आठ अंशांत ०.१८ मिलिमीटर आखडतो. अकराव्या शॉटची फ्रेम सेटवर ४०० मिलिमीटर रुंद होती. १,९२० पिक्सेलच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे ०.२१ मिलिमीटर. म्हणजे रात्रभरात जेमतेम एक पिक्सेल, तेही इतकं सावकाश की दिसणार नाही. मग उडी कुठून आली? ट्रायपॉडचे पाय फरशीला ग्लू-गनने चिकटवलेले होते. तो गोंद गरमीत नरम पडतो आणि वजनाखाली सरकत राहतो. दिवसभर तापलेल्या फरशीवर त्याने जे केलं ते दुसऱ्या रात्रीच्या पहिल्या चित्रात दिसलं : सात-आठ पिक्सेलची उडी, बरोब्बर ब्रेकच्या जागी.

काय बदललं

लेन्सचा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक. कॅननच्या बॉडीवर ॲडॉप्टर लावून निकॉनची जुनी मॅन्युअल ५० मिमी लेन्स बसवली. हे जमतं, कारण निकॉनच्या डीएसएलआरचं एफ माउंट (लेन्स बसते ती कडी) सेन्सरपासून ४६.५ मिमीवर असतं आणि कॅननचं ईएफ ४४ वर. मधल्या अडीच मिलिमीटरमध्ये ॲडॉप्टर मावतो. उलटं, म्हणजे निकॉन बॉडीवर कॅनन लेन्स, असं होत नाही. ॲपर्चरची रिंग हाताने एफ ८ वर फिरवली की पाती तिथेच राहतात, कॅमेरा त्यांना हातही लावत नाही. आलेखातले दाते दुसऱ्याच रात्री गेले. बॉडीतलं जे जे आपोआप ते सगळं बंद : व्हाइट बॅलन्स, आयएसओ, उजेड सुधारणारी सेटिंग. आयएसओ १००, शटर अर्धा सेकंद. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अर्ध्या सेकंदात ५० लुकलुका मावतात आणि स्वस्तातल्या दिव्याचीही सरासरी निघून जाते. बॅटरीच्या जागी वायरने विजेला जोडलेली डमी बॅटरी, कारण खरी बॅटरी बदलायला कॅमेऱ्याला हात लावला की संपलं. जेवायला उठताना लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं थेट चित्र, बंद करायचा. सेन्सर तापला की अंधाऱ्या कोपऱ्यांत रंगीत ठिपके येतात.

हॅलोजन काढून टाकले. व्होल्टेजचं गणित बाजूला ठेवलं तरी बंद खोलीत एप्रिलमध्ये हजार वॅटची शेगडी पेटवून बसण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या जागी १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या आणि दोन छोटे पॅनेल, चांगल्या एसएमपीएस ॲडॉप्टरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा वीजपुरवठा). हे ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये कितीही आलं तरी बाहेर १२ च देतात, त्यामुळे लाटही गेली आणि पायरीही. एलईडी पेटवल्यावर पहिला अर्धा तास मात्र काम करायचं नाही. गरम होताना उजेड काही टक्के उतरतो आणि मग स्थिरावतो. कॅमेरा आणि दिवे घरच्या इन्व्हर्टरवर घेतले. लाईन गेली तरी शॉट तुटत नाही.

खोली बदलली. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब दिवसभराची आग रात्री खोलीत ओततो; आठ ते दहा ही वेळ तिथे दुपारपेक्षा वाईट. महाल भागातल्या एका जुन्या वाड्याची तळमजल्यावरची, जाड भिंतींची, एकच खिडकी असलेली खोली मिळाली. खिडकीला आतून काळं कापड, फटींना काळा टेप. जमिनीवरून पावलांची थरथर येत नाही हा वरचा फायदा. ट्रायपॉड आणि टेबल दोन्ही एम-सीलने फरशीला बसवले, टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूच्या पोत्यांचं वजन.

कूलरबद्दल दोन मतं असतात. आमचं मत स्पष्ट आहे : चित्रं घेताना बंद. वारा झेंडे, दोरे, पताका हलवतो हे दिसतं. न दिसणारी गोष्ट ही की कूलर खोलीत ओल भरतो. मारबतीचा सांगाडा बांबूच्या दीड मिलिमीटरच्या काड्यांचा होता, वर पतंगाचा कागद. ओल धरली की कागद सैल पडतो, सुकला की ताणला जातो, आणि शॉटमध्ये मारबत श्वास घेतल्यासारखी फुगते-आक्रसते. कागदाला मागून मलमलचं अस्तर लावलं आणि दोन्हीकडून मॅट ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन हात मारले तेव्हा हे थांबलं. फेव्हिकॉलचं पाणी लावून भागणार नाही. ते स्वतःच ओलीने नरमतं.

माणसाचाही उजेडावर परिणाम होतो. बाहुल्या हलवणाऱ्याने काळा शर्ट घालायचा आणि चित्र घेताना दर वेळी एकाच जागी उभं राहायचं; फरशीवर टेपची खूण. पांढरा बनियन सेटवर रिफ्लेक्टरसारखं काम करतो. लॅपटॉपची स्क्रीन सेटकडे पाठ करून.

चेहरे, चाकं आणि गर्दी

प्लॅस्टिसिन चाळीस अंशांत हाताला लागतं. डोळा सरकवायला टाचणी टोचली की गाल दबतो, गाल नीट करायला गेलं की बोटाचे ठसे. चेहरे दर दोन सेकंदांनी निराळे दिसत होते ते यामुळे. मातीचा आग्रह सोडून डोकी लाकडाची केली, नाक-कान एम-सीलचे, सगळ्यावर वॉर्निश. तोंडं कागदावर छापून कापलेली, नऊ प्रकारची, व्हॅसलिनच्या पुसट थराने चिकटवायची. आधी वॉर्निश नसेल तर व्हॅसलिन लाकडात मुरून डाग पडतो. डोळे म्हणजे सफेद मणी, डोळ्यातल्या बाहुलीच्या जागी मण्याचं भोक, टाचणीने फिरवायचे. नंदीही लाकडीच असल्याने सगळं जग एका जातीचं दिसू लागलं. ही तडजोड फिल्मच्या पथ्यावर पडली असं आमचं मत.

हातपाय ॲल्युमिनियमच्या मऊ तारेचे, दोन पदर ड्रिलने पिळलेले. तार वाकवून वाकवून कडक होते आणि मग मोडते, नेमकी कोपरात, नेमकी शॉटच्या मध्ये. म्हणून खांद्याला चौकोनी पितळी नळीचा तुकडा एम-सीलमध्ये बसवला, हाताच्या टोकाला त्यात घट्ट जाणारी बारीक नळी. मोडला हात उपसून नवा खोचता येतो. तळपायात एम ३ चा नट, प्लायला छिद्रं, खालून स्क्रू. धावणाऱ्या मुलाचा एक पाय सतत असा जखडलेला लागतो.

नंदीची चाकं सोपी वाटतात आणि तिथेच फसवणूक होते. ३० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ ९४ मिलिमीटर. नंदी पुढे किती सरकला आणि चाक किती फिरलं हे जुळलं नाही तर तो घसरताना दिसतो. चाकाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने २४ खुणा केल्या, दर १५ अंशांना एक. एक खूण म्हणजे ३.९ मिलिमीटर, जमिनीवर तेवढ्या अंतराच्या रेघा असलेली पट्टी कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला. सुरुवातीला १, २, ३ मिलिमीटर असा वेग घ्यायचा, मग एक खूण एक चित्र. चाकाला सहा आरे होते, ६० अंशांवर. आधी चमू दर चित्राला ३० अंश फिरवत होता. दोन आऱ्यांच्या बरोब्बर मध्ये आरा आला की डोळ्याला चाक पुढे फिरतंय की मागे हे ठरवता येत नाही. ते नुसतं चमकतं. १५ अंशांवर आणलं आणि एका आऱ्याला लाल ठिपका दिला की दिशा स्वच्छ कळते.

गर्दीत चाळीस बाहुल्या. चाळीसही बाहुल्या चित्रागणिक हलवायच्या तर एका चित्राला अर्धा तास. पुढच्या सहांना पूर्ण सांगाडा. मधल्या बारांना कंबर आणि एक हात एवढंच हलतं. मागच्या बावीस जणांना लाकडी पट्ट्यांवर चिकटवलं, दर पट्टीवर पाच-सहा. पट्टीखाली पाचर सरकवली की अख्खी ओळ एक-दोन मिलिमीटर वर-खाली होते. ताशाच्या ठोक्यावर, आठ चित्रांचं आवर्तन, पण प्रत्येक ओळ दोन चित्रं मागे-पुढे. सगळ्या ओळी एकदम उचलल्या तर ती कवायत दिसते, मिरवणूक नाही. शॉटची एक्स-शीट भिंतीवर लावलेली : चित्राचा क्रमांक, ठोका, कोणती ओळ वर, नंदीची खूण, तोंडाचा क्रमांक. रात्री तीनला डोकं चालत नाही, कागद चालतो.

दहन शेवटच्या शॉटमध्ये आहे. खरी आग लावायची नाही. अर्ध्या सेकंदाच्या शटरला ज्योत नुसती ढगासारखी उमटते, आणि मारबत एकदाच जळते. लाल-पिवळ्या जिलेटिनच्या कागदाच्या बारा ज्वाळा कापून, मागून उजेड देऊन, आळीपाळीने बदलल्या.

कॅलेंडर

हे सगळं होईपर्यंत मेचा तिसरा आठवडा उजाडला, म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, तोंडावर. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. तळमजल्याच्या खोलीतही दुपारी काम होणार नाही हे गृहीतच. चमूने उरलेल्या शॉटचे दोन भाग केले. एक-दोन बाहुल्यांचे, लाकडी, छोटे शॉट मे-जूनमध्ये रात्री अकरा ते पहाटे पाच. गर्दीचे सगळे, अकरावासुद्धा, नोव्हेंबरनंतर. झालेली १०४ चित्रं टाकून दिली. वाईट वाटतं, पण हॅलोजनमधल्या चित्रांना एलईडीतल्या चित्रांशी जोडण्यात जितका वेळ जातो तितक्यात शॉट नव्याने होतो.

पावसाळ्यात सेट तसाच ठेवता येत नाही. बारा मिलिमीटरचं साधं प्लाय जुलैत वाकतं आणि नोव्हेंबरपर्यंत सरळ होईलच असं नाही. सेटचे तुकडे जोडताना प्रत्येक सांध्यात दोन लाकडी खुंट्या बसवल्या होत्या, त्यामुळे उघडून पुन्हा तसाच जोडता आला. प्रत्येक शॉटसाठी कॅमेऱ्याची उंची, लेन्सचं फोकस, टेबलापासूनचं अंतर वहीत. शिवाय जुनं चित्र ड्रॅगनफ्रेम या स्टॉप-मोशनच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धपारदर्शक करून त्यावर नवीन लाइव्ह व्ह्यू जुळवायचा. आधी भिंतीवरचं चिन्ह, मग टेबलावरचं. या क्रमाने गेलं तर काम पटकन होतं, उलट गेलं तर दोन्ही चिन्हं एकमेकांना चुकवत राहतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ, जिथे काळी-पिवळी समोरासमोर येतात, तिथला आवाज रेकॉर्ड करून घेतला. एक्स-शीटमधली आवर्तनं त्या खऱ्या ठोक्यावर पुन्हा मोजली. आठाऐवजी सात चित्रं बसली.

नोव्हेंबरमध्ये अकरावा शॉट तीन रात्रींत झाला. कॅमेऱ्याची रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल सुमारे ३० एमबीची, फिल्मभरचा हिशेब ८५ जीबीच्या आसपास. दोन वेगळ्या ड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरी. प्रत्येक शॉटच्या शेवटी, दिवे विझवण्याआधी, बाहुल्या काढून रिकाम्या सेटची तीन चित्रं. नंदी जिथे दगडावरून उडतो तिथे त्याला मागून तारेचा आधार आहे, आणि ती तार पुसायला नेमकं त्याच उजेडातलं रिकामं चित्र लागतं. अकराव्या शॉटमध्ये अशा तारा २६ चित्रांत होत्या. करड्या पट्टीचा आलेख तिन्ही रात्री जवळजवळ सपाट आला. तिसऱ्या रात्रीच्या सुरुवातीला एक बारीक उतार दिसतो. त्या दिवशी एलईडी पेटवून अर्ध्या तासाऐवजी दहाच मिनिटांत काम सुरू झालं होतं. पहिली सहा चित्रं एकेक करून हाताने उजळली.